सायबेरियाचा १७३० सालचा नकाशा : साताऱ्यात छापून आणि चौकटीत बसवून घेतल्यानंतरचा अभिप्राय

राजवाड्याच्या मागच्या गल्लीत फोटो आणि तसबिरींच्या चौकटी करून देणारे एक जुने दुकान आहे. लग्नातले फोटो, देवांच्या तसबिरी, दुकानांत लावायची शिवराज्याभिषेकाची चित्रे असे त्यांचे मुख्य काम; पण दोनेक वर्षांपासून मालकांच्या मुलाने जुने नकाशे मोठ्या आकारात छापून देण्याचे कामही सुरू केले आहे. परदेशी ग्रंथालयांनी सर्वांसाठी खुल्या केलेल्या प्रतिमा तो उतरवून घेतो, जाड मॅट कागदावर छापतो आणि सागवानी पट्टीच्या चौकटीत बसवून देतो. मी एकोणतीस वर्षे हायस्कूलमध्ये भूगोल शिकवला आणि हा मुलगा माझ्या वर्गात होता, त्यामुळे त्या दुकानात मला आजही ‘बाई’ म्हणूनच हाक मारतात. वाचकांनी माझ्या मताचे वजन ठरवताना ही ओळख लक्षात घ्यावी म्हणून ती आधीच सांगून ठेवते. नकाशाचे मी पूर्ण पैसे दिले आहेत, आणि जे चुकले ते पुढे लिहिलेच आहे.

मी मागवलेला नकाशा फिलिप योहान फॉन श्ट्रालेनबर्ग या स्वीडिश सैन्यातील कॅप्टनचा. लॅटिनमधील त्याच्या लांबलचक शीर्षकाची सुरुवात ‘महातार्तरीचे नवे भौगोलिक वर्णन’ अशा अर्थाची आहे (उत्तर आणि मध्य आशियाच्या विशाल मुलखाला तेव्हा युरोपात महातार्तरी म्हणत), आणि १७३० मध्ये स्टॉकहोमला त्याने प्रसिद्ध केलेल्या जर्मन ग्रंथासोबत तो बाहेर पडला. मला तो का हवा होता, हे सांगितल्याशिवाय या छपाईचे मोल सांगता येणार नाही. वर्गात दरवर्षी जून-जुलैमध्ये मी फळ्यावर एक उभी रेघ ओढून सांगत असे की उरल पर्वत ही युरोप आणि आशिया या खंडांची सीमा आहे. एके वर्षी मागच्या बाकावरून प्रश्न आला, ‘बाई, ही सीमा ठरवली कोणी?’ मला उत्तर देता आले नाही. निवृत्तीनंतर शोधत गेले तेव्हा हे नाव सापडले. ग्रीकांपासून चालत आलेल्या समजुतीप्रमाणे डॉन नदी हीच दोन खंडांमधली हद्द मानली जात होती. ती पूर्वेकडे उरलच्या रांगेवर नेऊन ठेवण्याचा विचार श्ट्रालेनबर्गने या ग्रंथात आणि नकाशात मांडला. उरलच्या दक्षिणेला त्याची रेघ पुन्हा व्होल्गा आणि डॉनकडे वळते, आणि तो भाग आज कोणी मानत नाही. पण उत्तरेकडचा भाग जगभरच्या शालेय पुस्तकांत टिकून राहिला. रशियन अधिकारी आणि इतिहासकार तातिश्चेव याने पुढे असे लिहून ठेवले की ही कल्पना आपणच १७२० मध्ये सायबेरियातल्या तोबोल्स्कला श्ट्रालेनबर्गला सुचवली होती. दोघांपैकी श्रेय कोणाचे, हा वाद मला सोडवायचा नाही. पण कल्पना कोणाचीही असली तरी ती तोबोल्स्कसारख्या गावी, कैद्याच्या आणि अधिकाऱ्याच्या बोलण्यात निघाली असेल, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

श्ट्रालेनबर्ग कैदी होता. त्याचा जन्म १६७६ चा, बाल्टिक किनाऱ्यावरच्या श्ट्रालझुंड या, त्या काळी स्वीडनच्या ताब्यात असलेल्या शहरातला. मूळ आडनाव ताबर्ट, आणि १७०७ मध्ये सरदारकी मिळाल्यावर त्याने जन्मगावाच्या नावावरून नवे नाव घेतले. १७०९ मध्ये पोल्टावाच्या लढाईत रशियाचा झार पीटर द ग्रेट याने स्वीडनच्या बाराव्या चार्ल्सचा पराभव केला, चार्ल्स तुर्कांच्या मुलखात निघून गेला आणि त्याचे हजारो सैनिक रशियनांच्या हाती लागले. त्यांतले शेकडो जण पुढे तोबोल्स्कला पाठवले गेले. १७११ मध्ये तेथे पोचलेला श्ट्रालेनबर्ग १७२१ पर्यंत त्याच गावी राहिला. साताऱ्याच्या माणसाला हा काळ परका वाटू नये. रायगड पडल्यानंतर १६८९ मध्ये मोगलांच्या हाती सापडलेले शाहू छत्रपती १७०७ मध्ये सुटले, १७०८ मध्ये येथे त्यांचा राज्याभिषेक झाला, आणि पोल्टावाची लढाई त्याच्या पुढच्याच वर्षीची आहे. अजिंक्यताऱ्याखाली एक राज्य नव्याने उभे राहत होते, त्याच वर्षांत तिकडे इर्तिश आणि तोबोल नद्यांच्या संगमावरच्या गावात हा माणूस येणाऱ्याजाणाऱ्या लोकांना रस्ते विचारत बसला होता. माहुलीला कृष्णा आणि वेण्णा मिळतात तेथे मी अनेकदा उभी राहिले आहे. संगमावरचे गाव हे बातम्या गोळा होण्याचे ठिकाण असते, आणि तोबोल्स्क तर साऱ्या सायबेरियाच्या कारभाराचे गाव होते.

आता छपाईविषयी. नकाशा जवळजवळ चार फूट रुंद आहे आणि तो याहून लहान घेऊ नये, असे माझे ठाम मत आहे. दुकानात दोन फुटी नमुना लावलेला आहे, तो दुरून देखणा दिसतो. परंतु त्यात नद्यांच्या काठची गावांची नावे मुंग्यांच्या ओळीसारखी दिसतात आणि भिंग लावले तरी अक्षरे सुटत नाहीत. माझ्या प्रतीत मी भिंग घेऊन ओब नदीच्या मुखापासून सुरुवात केली आणि इर्तिशच्या काठाने वर वर जात तोबोल्स्कपर्यंत आले, तेव्हा कोरलेल्या तांब्याच्या पत्र्यावरची बारीक रेघ अखंड दिसत होती. उपनद्यांची टोके शेवटपर्यंत निमुळती होत गेली होती, शाई कोठेही फुटलेली नव्हती. मूळ कागदाची घडी जेथे होती तेथे एक फिकट उभी खूण आली आहे. मुलाने ती संगणकावर पुसून देऊ का, असे विचारले होते. मी नको म्हटले, कारण घडीवरची काही अक्षरे त्या पुसण्यात गेली असती. असे आधी विचारणारा छापणारा मिळणे ही मोठी गोष्ट आहे.

मात्र पहिली प्रत मी परत केली. नेहमीच्या मापाच्या चौकटीत बसावा म्हणून दुकानात नकाशाच्या चारही कडा अर्धा-पाऊण इंच कापल्या होत्या. ‘बाई, चित्र तर सगळे आले आहे, नुसती पट्टी गेली,’ असे मालकांचे म्हणणे होते, आणि ते प्रामाणिक होते. पण ती पट्टी अंशांची असते. नकाशाच्या कडेला अक्षांश-रेखांशांचे आकडे आणि खुणा नसतील तर उरते ते नुसते चित्र. नकाशा त्यातून निघून जातो.

त्या काळच्या नकाशात तर ही पट्टी दुप्पट महत्त्वाची आहे. सूर्याची किंवा ध्रुवाची उंची मोजून अक्षांश काढता येत असे, म्हणून उत्तर-दक्षिण अंतर बऱ्यापैकी भरवशाचे असे. पण रेखांशासाठी दोन ठिकाणच्या वेळांतला फरक कळावा लागतो, आणि दूरच्या प्रवासात अचूक वेळ दाखवील असे घड्याळ तेव्हा अस्तित्वातच नव्हते. हॅरिसनच्या प्रसिद्ध सागरी घड्याळाची मोठी चाचणी व्हायला १७६१ साल उजाडले. त्यामुळे पूर्व-पश्चिम अंतर मुख्यतः चालण्याच्या आणि नावेच्या दिवसांवरून, गाडीवान आणि कोसॅक सांगतील तितक्या व्हर्स्टवरून बांधावे लागे. एक व्हर्स्ट म्हणजे एक किलोमीटरहून थोडे अधिक. नद्या गोठल्या की त्याच बर्फावरून घसरगाड्यांचे रस्ते सुरू होत, म्हणजे एकाच वाटेचे हिवाळ्यातले दिवस वेगळे आणि उन्हाळ्यातले वेगळे. अशा सांगीव अंतरांमधून आख्खा उत्तर आशिया एका कागदावर बसवणाऱ्या माणसाचे कोठे बरोबर आले आणि कोठे चुकले, हे आजच्या नकाशाशी ताडून पाहण्याची एकच जागा असते, आणि ती म्हणजे ही कडेची पट्टी. हे सगळे मी दुकानात उभे राहून सांगितले. मालकांनी शांतपणे ऐकून घेतले आणि आठ दिवसांत पूर्ण कडांसह दुसरी प्रत, वेगळ्या मापाची चौकट करून, जादा पैसे न घेता दिली. म्हणून या तक्रारीची खंत आता माझ्या मनात नाही; पण नवीन ग्राहकाने मागणी नोंदवतानाच ‘कडा कापू नये’ असे पावतीवर लिहून घ्यावे.

दुसरी चूक मला याहून गंभीर वाटली. नकाशासोबत दुकान एक माहितीपत्रक देते. त्यात या नकाशाला ‘सायबेरियाचा पहिला नकाशा’ आणि त्याच्या कर्त्याला ‘रशियन प्रवासी’ म्हटले होते. दोन्ही विधाने चुकीची आहेत. पहिला म्हणावा तर त्याच तोबोल्स्क गावच्या सेम्योन रेमेझोव्ह या माणसाने १७०१ मध्ये, म्हणजे स्वीडिश कैदी तेथे येण्याच्या दहा वर्षे आधीच, सायबेरियाच्या नकाशांची आख्खी वही तयार केली होती; आणि तिकडे ॲम्स्टरडॅममध्ये निकोलास वित्सेनचा मोठा नकाशा १६८७ चा. रेमेझोव्हच्या वहीत दक्षिण दिशा वर असते आणि नद्या झाडाच्या फांद्यांसारख्या पसरतात. ती त्या मुलखातल्या माणसाची नजर आहे. श्ट्रालेनबर्गचा नकाशा त्यानंतरचा आहे, आणि त्याचे महत्त्व निराळे आहे : सायबेरियाच्या आतली ही माहिती पश्चिमेकडच्या विद्वानांना वाचता येईल अशा रूपात, छापील आणि विकत मिळणाऱ्या पुस्तकातून बाहेर पडली. दूरदेशीच्या एका कैद्याचे काम आपण घरात लावणार असू तर त्याआधी त्या मुलखात कोण बसून काम करत होते, हे सांगणे आपले कर्तव्य आहे.

आणि ‘प्रवासी’ या शब्दाने तर सगळेच झाकले जाते. प्रवासी आपल्या मर्जीने जातो आणि मर्जीने परततो. तोबोल्स्कमधल्या स्वीडिश अधिकाऱ्यांना मायदेशातून पैसे येणे कठीण होते. कोणी सोनारकाम धरले, कोणी चित्रे काढली, कोणी खेळण्याचे पत्ते रंगवून विकले. फॉन व्रेख नावाच्या त्यांच्यातल्याच एका अधिकाऱ्याने तेथे मुलांसाठी शाळा काढली, आणि त्या शाळेत कैद्यांच्या मुलांबरोबर गावातली मुलेही येत. मी शिक्षिका असल्यामुळे असेल, पण ही शाळा मला नकाशाइतकीच आपली वाटते. गावात मध्य आशियातले बुखारी व्यापारी येत-जात होते. अशाच एका व्यापाऱ्याकडचे, खीवाचा खान अबुल गाझी याने लिहिलेले तुर्कांच्या वंशांचा इतिहास सांगणारे हस्तलिखित कैद्यांच्या हाती आले. त्यांनी त्याचे भाषांतर करवून घेतले, आणि १७२६ मध्ये ते लायडनला फ्रेंचमध्ये छापले गेले. श्ट्रालेनबर्गचा त्या कामात भाग होता. त्याच्या नकाशावर दक्षिणेकडच्या स्तेपीतली जी नावे दिसतात, त्यांच्यामागे अशा व्यापाऱ्यांनी आणि दुभाष्यांनी दिलेले शब्द आहेत.

मी माहितीपत्रकाचा नवा मजकूर लिहून दिला आणि दुकानाने तो विनातक्रार छापला. आता त्यात ‘स्वीडिश युद्धकैदी’ असे स्पष्ट म्हटले आहे. त्यात मेसरश्मिड्टचाही उल्लेख मी आग्रहाने घातला. दानिएल गोटलीब मेसरश्मिड्ट हा दान्त्सिगचा डॉक्टर, पीटरने सायबेरियातील वनस्पती, प्राणी, औषधे आणि पुराणवस्तू यांचा शोध घेण्यासाठी पाठवलेला. १७२१ च्या मार्चमध्ये तो तोबोल्स्कहून पूर्वेकडे निघाला तेव्हा त्याने श्ट्रालेनबर्गला बरोबर घेतले. त्या प्रवासात, १७२२ च्या सुरुवातीला, अबाकानला मिळणाऱ्या उइबात नदीच्या परिसरात त्यांना अनोळखी लिपी कोरलेला एक उभा दगड दिसला. येनिसेईच्या खोऱ्यातल्या अशा लेखांची चित्रे श्ट्रालेनबर्गने पुढे आपल्या ग्रंथात छापली. ती लिपी कोणालाच वाचता येत नव्हती; डेन्मार्कच्या विल्हेल्म थॉमसेनने ती १८९३ मध्ये उलगडली, तेव्हा ती जुन्या तुर्की भाषेची निघाली. मधली एकशे सत्तर वर्षे ते लेख न वाचता, पण जपून ठेवले गेले. दरम्यान १७२१ मध्ये स्वीडन आणि रशिया यांच्यात नीस्ताडचा तह झाला, कैदी सुटले, आणि १७२२ च्या मे महिन्यात क्रास्नोयार्स्कला दोघांची ताटातूट झाली. मेसरश्मिड्टने त्या दिवसाचे दुःख आपल्या रोजनिशीत लिहून ठेवले आहे, कारण तो एकटाच पुढे पूर्वेकडे जाणार होता आणि अजून पाच वर्षे परतणार नव्हता. श्ट्रालेनबर्ग १७२३ मध्ये स्टॉकहोमला पोचला, आणि पुस्तक छापून व्हायला आणखी सात वर्षे गेली.

दुकानात याच ग्रंथातला दुसरा एक कागदही मिळतो आणि तो घ्यावा की नाही, असे मला दोघातिघांनी विचारले आहे. हा कागद म्हणजे भाषांचा तक्ता. बत्तीस जमातींचे शब्द, आकड्यांसह, रकाने पाडून शेजारी-शेजारी मांडलेले आहेत, म्हणजे एक-दोन-तीन हे कोणत्या लोकांत कसे म्हणतात ते डोळ्यांसमोर येते. त्यावरून त्याने या लोकांचे सहा गट पाडले. त्यातले काही गट आजही भाषाशास्त्रज्ञांना पटतात. फिनलंडमधल्या लोकांची आणि ओबकाठच्या काही लोकांची भाषा एका कुळातली आहे, ही गोष्ट अशाच तुलनांतून पुढे पक्की झाली. माझे मत असे की नकाशा घेणाऱ्याने तक्ता अवश्य घ्यावा, कारण नकाशावर जी नावे नुसती मुलखावर लिहिलेली दिसतात, ती येथे बोलू लागतात. मात्र दुकान तो अडीच फुटांत छापते आणि तेवढ्यात रकान्यांतली जर्मन वळणाची अक्षरे लागत नाहीत. निदान नकाशाइतका मोठा छापून द्यायला सांगावे. मी तसे सांगितले आहे आणि माझी ही प्रत अजून यायची आहे, म्हणून तिच्या छपाईविषयी येथे काही लिहीत नाही.

चौकटीविषयी थोडे. सागवानी पट्टी चांगली आहे, कोपरे घट्ट आहेत, मागे हार्डबोर्डऐवजी सनबोर्ड लावला आहे, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात तोच टिकतो. हार्डबोर्ड दोन श्रावणांत फुगतो. साध्या काचेवर समोरच्या खिडकीचे प्रतिबिंब पडून नकाशाचा निम्मा भाग दिसेनासा होतो. मंद काच बाराशे रुपये जास्त पडते, पण अक्षरे वाचायची असतील तर तीच घ्यावी. कागद आणि काच एकमेकांना चिकटू नयेत म्हणून मध्ये पुठ्ठ्याची किनार हवी. ती न सांगताच लावलेली होती, याचे मला समाधान वाटले. मंद काच धरून एकूण खर्च ५,४०० रुपये आला. घरपोच आणून भिंतीवर लावून देण्याचे वेगळे पैसे घेतले नाहीत.

आता नकाशा हॉलच्या आतल्या भिंतीवर आहे, बाहेरच्या भिंतीला ओल येते म्हणून. नातवाला आणि त्याच्या मित्रांना मी उरलची रांग दाखवते. त्या काळच्या पद्धतीने डोंगर लहान लहान उंचवट्यांच्या ओळीने दाखवलेले आहेत. कामचाटकाचा आकार पाहून ती मुले हमखास थबकतात, कारण ॲटलासमधला आकार त्यांना पाठ असतो आणि हा तसा नाही. मी त्यांना सांगते की रशियाच्या नौदलातला दर्यावर्दी बेरिंग त्याच्या कामचाटकाकडच्या पहिल्या मोहिमेवरून पीटर्सबर्गला १७३० मध्ये परतला, म्हणजे हा नकाशा छापला गेला त्याच वर्षी. त्याने आणलेले किनाऱ्याचे मोजमाप या कागदावर येऊ शकत नव्हते. मग मुले अंशांच्या पट्टीवर बोट ठेवून दोन्ही नकाशांतले अंतर मोजतात. पहिली, कापलेली प्रत ठेवून घेतली असती तर हे करता आले नसते.

त्या दुकानाकडे मी आणखी एक मागणी नोंदवली आहे. योहान गुस्ताफ रेनाट हाही पोल्टावाला पकडला गेलेला स्वीडिश तोफखान्याचा माणूस. १७१६ मध्ये रशियनांच्या तुकडीबरोबर असताना तो झुंगारांच्या, म्हणजे मध्य आशियातल्या एका मंगोल राज्याच्या लोकांच्या, हाती सापडला, म्हणजे एका कैदेतून दुसऱ्या कैदेत गेला, आणि सतरा वर्षे त्यांच्याकडे तोफा ओतण्याचे काम करून १७३४ मध्ये स्टॉकहोमला परतला. बायको ब्रिगिट्टा शेर्ट्सेनफेल्ट हीदेखील तेथलीच कैदी होती. त्याने येताना झुंगारांच्या मुलखाचे नकाशे आणले. बालखाश आणि इस्सिक-कुल ही सरोवरे आणि इली नदी त्यांत आहेत. मूळ नकाशे उप्साला विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहेत आणि त्यांची चांगली प्रतिमा मिळाली तरच छापू, घाईने धूसर प्रत देणार नाही, असे मुलाने मला सांगितले आहे. प्रतिमेसाठी त्याने महिनाभराची मुदत मागितली, आणि मी ती दिली.